कोचचा शब्द, बापाचा खिसा

कोलकात्यातल्या सुखवस्तू घरांत सध्या एक मेल फार मिरवला जातो. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या कॉलेजच्या कोचचा. ‘तुमच्या मुलाचा खेळ आम्हाला आवडला, आमच्या कॉलेजचा जरूर विचार करा,’ एवढाच मजकूर. बालीगंजपासून सॉल्ट लेकपर्यंत त्याचा अर्थ मात्र एकच लावला जातो. स्कॉलरशिप!

कुणी सांगितलं?

मेल पाठवणारं कॉलेज खेळासाठी कुणालाही एक डॉलर देत नाही. नियमानेच देऊ शकत नाही. हे सांगायचं काम ज्या सल्लागाराचं, त्याने आपली फी कधीच खिशात घातलेली असते.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचा बहुतेक कारभार एनसीएए ही संघटना बघते. तिच्या तीन श्रेणी. टीव्हीवर दिसणारी, अवाढव्य स्टेडियमची कॉलेजं पहिल्या श्रेणीत. तिथे पैसा वाहतो. तिसऱ्या श्रेणीत क्रीडा शिष्यवृत्तीला सरळ बंदी. मग सर्वांत जास्त कॉलेजं कुठे? याच तिसऱ्या श्रेणीत. चारशेहून अधिक. एकट्या बेसबॉलचेच संघ साडेतीनशेच्या वर.

ही कॉलेजं फुटकळ आहेत, असं समजू नका. एमआयटी इथलीच. कॅल्टेक इथलीच. कॅल्टेकचा बेसबॉल संघ २००३ ते २०१३ या काळात लागोपाठ २२८ सामने हरला. कॉलेजच्या नावावर ओरखडाही उठला नाही.

कॉलेजा-कॉलेजांतला पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला झाला. ॲमहर्स्टने विल्यम्सला ७३–३२ असं धुतलं. दोन्ही कॉलेजं आज तिसऱ्या श्रेणीत आहेत. ज्यांनी हा खेळ कॉलेजात आणला, तीच आज त्यासाठी पैसे मोजत नाहीत.

आणि तिथून कुणी मोठा होतच नाही, असंही नाही. बिली वॅग्नर व्हर्जिनियातल्या फेरम कॉलेजात शिकला. तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीत होतं. १९९३ साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, त्यात तो बाराव्या क्रमांकावर उचलला गेला. २०२५ मध्ये तो बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाऊन बसला.

असा वॅग्नर एखादाच. बाकीच्यांना पदवी घेऊन नोकरी शोधावी लागते.

आता कोलकात्याचा आणि बेसबॉलचा संबंध काय? जवळजवळ नाहीच. भारतात बेसबॉलची म्हणून सांगितली जाते ती गोष्ट रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. २००८ साली एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. त्यांच्या वाटेत कॉलेज कुठेच नव्हतं.

कोलकात्याची वाट स्क्वॉशच्या कोर्टातून जाते. मैदानाच्या कडेला कॅलकटा रॅकेट क्लब उभा आहे, १७९३ चा. याच शहरातून सौरव घोषाल निघाला आणि जगात दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. तो अमेरिकेला न जाता इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शिकला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने पाकिस्तानला हरवून सांघिक सुवर्ण घेतलं, त्या संघात घोषालबरोबर आपला महेश माणगावकर होता. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये येतंय.

तेव्हा सल्लागारांची फी आणखी वाढणार, हे गृहीत धरा.

बेसबॉल असो वा स्क्वॉश, बिनशिष्यवृत्तीच्या कॉलेजात शिरायची रीत एकच. ती ज्याने जगाला दाखवली, ते कॉलेज म्हणजे हार्टफर्डचं ट्रिनिटी. विद्यार्थी दोन-अडीच हजार. श्रेणी तिसरी. स्क्वॉशचा कारभार एनसीएएकडे नाही, तरी ट्रिनिटी खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही ती नाहीच. तिथल्या पॉल असायंटे नावाच्या कोचने नजर देशाबाहेर वळवली. भारत, पाकिस्तान, स्वीडन, मलेशिया, जिथे खेळाडू असेल तिथून आणला. १९९८ ते २०१२ या काळात संघाने सलग २५२ लढती जिंकल्या. ओळीने तेरा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. शेवटी १८ जानेवारी २०१२ ला येलने ५–४ असं हरवलं, तेव्हा कुठे ती मालिका तुटली. त्या वर्षांतल्या संघांत मुंबईचे मानेक माथुर आणि विक्रम मल्होत्राही होते.

पैसे न देता हे कसं जमलं?

जमलं, कारण कोचकडे पैशाहून मोलाची वस्तू असते. शब्द! प्रवेश कार्यालयात टाकलेला.

हार्वर्डही खेळासाठी पैसे देत नाही. तरी तिथल्या प्रवेशांवरून झालेल्या खटल्यात काय बाहेर आलं? कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. बाकीच्या अर्जदारांना? शंभरात पाच-सहा जणांना.

या शब्दाला बाजारात काय भाव आहे, तेही मार्च २०१९ मध्ये कळलं. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंतांच्या मुलांना खोटे खेळाडू बनवून बड्या कॉलेजांत घुसवलं होतं. पाण्यात कधी न उतरलेली मुलं फोटोत वॉटरपोलो खेळत होती. येलमधल्या एका जागेसाठी एका कुटुंबाने १२ लाख डॉलर मोजले. त्यातले चार लाख फुटबॉलच्या कोचला पोहोचले. येल खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, तरीही!

सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडचे सल्लागार असा गुन्हा करतात, असं मी म्हणत नाही. पण स्वतःला कोचचा ‘खास माणूस’ म्हणवणारा कुणी भेटला, तर ही गोष्ट आठवा आणि उठून या.

सरळ मार्गाने हा शब्द मिळतो कसा? मुलगा स्वतः कोचला लिहितो. सल्लागाराने नव्हे, बापाने नव्हे, मुलाने लिहायचं असतं. सोबत खेळाचा व्हिडिओ. बेसबॉल असेल तर चेंडूचा वेग, साठ यार्ड धावायला लागणारे सेकंद. स्क्वॉश असेल तर राष्ट्रीय क्रमवारी आणि मोठ्या स्पर्धांचे निकाल. कोच ते बघतो. आणि मग जे मागतो, ते ऐकून आपल्या घरातले चेहरे पडतात.

मार्क मागतो. नववीपासूनचे.

आपल्याकडे नववी म्हणजे कुणीच न मोजलेलं वर्ष. बोर्ड दहावीला, बोर्ड बारावीला, मधली वर्षं खेळाची. नववीत दोन महिने स्पर्धांसाठी बाहेर होता, अकरावीत फिजिक्सला जेमतेम काठावर पास झाला, ‘बारावीला भरून काढू’. अमेरिकन कॉलेज चारही वर्षांची गुणपत्रिका मागतं. भरून काढायला तिथे जागा नाही.

अकरावी संपली, की उन्हाळ्यात कोच ही गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवतो. औपचारिक अर्ज व्हायच्या आधी कार्यालय अंदाज सांगतं. चालेल, कठीण आहे, किंवा सोडून द्या. नामांकित छोट्या कॉलेजांत कोचच्या हाती असे शब्द मोजकेच असतात. ते तो अशाच मुलांवर खर्च करतो जी नक्की येणार. म्हणून तो सांगतो, ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज कर. साधारण १ ते १५ नोव्हेंबरची मुदत. एकाच कॉलेजला असा अर्ज करायचा आणि निवड झाली तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे.

बांधला कोण गेला? मुलगा. कोचने काय लिहून दिलं? काहीच नाही.

तिसऱ्या श्रेणीत कोचचा शब्द तोंडीच असतो. पुढे मुलाने कॉलेजची टोपी घालून सही करतानाचा फोटो काढला, तरी त्या कागदाने कुणीही बांधलं जात नाही. तो कागद फक्त समारंभाचा.

इथपर्यंतचं सारं मानाच्या कॉलेजांचं. आता दुसरी जात बघा, कारण मिरवले जाणारे बरेचसे मेल तिथूनच येतात.

अमेरिकेत शेकडो छोटी खाजगी कॉलेजं आहेत, ज्यांच्या वर्गात बाकडी रिकामी आहेत. सरकारी पैसा तुटपुंजा, दात्यांचा निधी बेताचा, सगळा डोलारा फीवर. त्यांनी उपाय काढला. संघ वाढवा! मिशिगनच्या एड्रियन कॉलेजात २००५ मध्ये विद्यार्थी हजाराच्याही आत होते. नव्या अध्यक्षांनी नवे खेळ सुरू केले, मैदानं बांधली आणि प्रत्येक कोचला सांगितलं, इतकी मुलं आणायचीच. काही वर्षांत पटसंख्या जवळपास दुप्पट झाली. इतर कॉलेजांनी हा धडा लगेच गिरवला.

बेसबॉलला मैदानात नऊ जण लागतात. अशा कॉलेजच्या संघात चाळीसहून जास्त नावं दिसतात. शिष्यवृत्ती द्यायचीच नाही, मग घ्यायला काय हरकत? प्रत्येक मुलगा फी भरतो. पुढच्या वर्षी त्यातले कितीतरी संघातून गळतात.

फी गळत नाही.

म्हणजे एकाच मजकुराच्या मेलचे दोन अर्थ आहेत. एक कोच म्हणतोय, ‘मी तुला दारातून आत ढकलीन.’ दुसरा म्हणतोय, ‘आमच्याकडे जागा रिकामी आहे, फी भरून ये.’ पहिला प्रवेश कार्यालयात वजन खर्च करतो. दुसऱ्याला वर्षाचं उद्दिष्ट पूर्ण करायचं असतं. ज्या कॉलेजात अर्ज करणारे बहुतेक सगळे घेतले जातात, तिथे कोचच्या शब्दाचं मोल काय? शून्य. दार उघडंच होतं.

हे ओळखणं कठीण नाही. कॉलेज किती टक्के अर्जदारांना घेतं, हा आकडा जाहीर असतो. संघात पहिल्या वर्षाची मुलं किती आणि चौथ्या वर्षाची किती, तेही संघाच्या यादीत दिसतं. पहिल्या वर्षाची वीस आणि चौथ्या वर्षाची चार असतील, तर मधली सोळा गेली कुठे, हे कोचला विचारायला लाज कसली?

आणि कॅम्प! ‘आमच्या उन्हाळी शिबिराला ये, कोच तुला बघतील.’ असं आमंत्रण शेकडो मुलांना एकाच वेळी जातं. अनेक ठिकाणी शिबिराची फी हा सहायक कोचच्या कमाईचा भाग असतो. कोलकात्याहून विमानाचं तिकीट काढून जायचं, तीन दिवस घाम गाळायचा आणि आठवणीसाठी एक टीशर्ट घेऊन परतायचं. कोचने तुमच्या मुलाचं नाव घेऊन, त्याचा एखादा सामना आठवून लिहिलं नसेल, तर ते आमंत्रण म्हणजे जाहिरात आहे.

आता मुख्य दुखणं. पैसा.

एनसीएए सांगते, तिसऱ्या श्रेणीतल्या सुमारे ८० टक्के खेळाडूंना काही ना काही आर्थिक मदत मिळते. खरं आहे. ती मदत मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळते. खेळ त्यात धरायचाच नाही, असा नियम आहे. कोचला त्या निर्णयात तोंड घालता येत नाही. ‘मी बघतो, काहीतरी करून देतो’ असं म्हणणारा कोच एकतर नियम मोडतोय किंवा थाप मारतोय.

आणि या ८० टक्क्यांत बहुतांश मुलं अमेरिकन. परदेशी मुलाने मदत मागितली, की बहुतेक कॉलेजांत त्याचा प्रवेशच कठीण होतो. खिसा न बघता परदेशी मुलांना घेणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. ॲमहर्स्ट, बोडिन, एमआयटी त्यांतली. तिथे निवड झाली तर गरज असेल तेवढी मदत मिळते. पण तिथे निवड होणं हेच एव्हरेस्ट.

इतर नामांकित कॉलेजांत वर्षाचा खर्च ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात. चार वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे पैसे आधी दाखवावे लागतात ते वेगळंच.

मग या वाटेने जातं कोण?

ज्याच्या बापाकडे क्लबचं सभासदत्व आहे, तो. कोलकात्यात स्क्वॉशची कोर्टं बहुतांश क्लबांच्या भिंतींआड आहेत. सभासद व्हायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि भक्कम पैसे भरावे लागतात. शेजारच्या मैदानावर पहाटे फुटबॉल खेळणारा पोरगा हुगळी किंवा नदियातून लोकल पकडून येतो. त्याच्या पायात खेळ आहे, खिशात परतीचं तिकीट. त्याला असा मेल येत नाही आणि आला तरी तो उघडून उपयोग नाही.

अमेरिकेतही हेच. स्क्वॉश, नौकानयन, तलवारबाजी, गोल्फ, लॅक्रोस. बड्या कॉलेजांत खेळाच्या नावाने मिळणाऱ्या जागांचा मोठा वाटा अशा खेळांना जातो, जे गरिबाच्या शाळेत नसतातच. शिष्यवृत्ती नाही म्हणून हे ‘शुद्ध हौशी’ खेळ, असा त्यांचा गौरव होतो. मला तो मान्य नाही. शिष्यवृत्ती नसेल, तर खेळाडूआधी खिशाची निवड होते. हौस परवडणाऱ्यांचीच.

मग खेळ आणि शिक्षण एकत्र साधण्यात आपलं कोलकाता मागासलेलं होतं का? मुळीच नाही.

१९४२ साली नागा टेकड्यांतून एक तरुण डॉक्टर व्हायला या शहरात आला. तालिमेरेन आओ. कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकला, आज ज्याला आर. जी. कर म्हणतात तेच. मोहन बागानकडून खेळला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचा कर्णधार झाला, फ्रान्सविरुद्ध १–२ असा निसटता पराभव पाहिला, परत येऊन एमबीबीएस पुरं केलं आणि आयुष्यभर आपल्या लोकांत डॉक्टरी केली.

आओंचं कॉलेज आणि मैदान यांच्यात ट्रामचं अंतर होतं. दोन्ही एकाच दिवसात साधत असे.

आज? आपल्या कॉलेजांत खेळाडूंसाठी जागा राखीव असतात. चाचणी होते, प्रमाणपत्र तपासलं जातं, प्रवेश मिळतो. आणि तिथेच कॉलेजची जबाबदारी संपते. स्पर्धेसाठी बुडालेलं प्रात्यक्षिक पुन्हा कोण घेणार? हजेरीचा प्रश्न कोण सोडवणार? कुणीच नाही. मुलगा तीन वर्षं खेळतो, कॉलेजला ढाली आणून देतो आणि चौथ्या वर्षी विषय राहिलेले असतात. ढाल कपाटात, मुलगा घरात.

महाराष्ट्राने स्वतःची पाठ थोपटायचं कारण नाही. आपल्याकडे सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हेतू उत्तम. पण त्यापायी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा धंदा उभा राहिला, खेळ कधी न खेळलेले ‘खेळाडू’ नोकरीत शिरले आणि खरे मागे राहिले. सिंगर बोस्टनच्या कोर्टात उभा राहायच्या आधीपासून आपल्याकडे हे चालू होतं.

म्हणून तिसऱ्या श्रेणीचं एक मात्र मला मनापासून पटतं. तिथे कोच मुलाला आधी विचारतो, काय शिकणार? प्रयोगशाळेची वेळ आणि सरावाची वेळ एकमेकींवर आदळली, तर चांगल्या कॉलेजात बहुधा प्रयोगशाळा जिंकते. एमआयटीत कोचच्या शिफारशीला जागा राखलेली नसते, अर्जातल्या इतर गोष्टींसारखी तीही एक गोष्ट. ही शिस्त आपल्या विद्यापीठांनी घ्यायला पैसे लागत नाहीत. स्पर्धेत असलेल्या मुलाची परीक्षा पंधरा दिवसांनी घ्यायला किती खर्च येतो?

इच्छा लागते. ती कुठल्या अनुदानातून येत नाही.

तोवर मेल येत राहतील, मुलं जात राहतील. जाऊ द्या, अवश्य जाऊ द्या. चांगल्या छोट्या कॉलेजात खेळत शिकलेली चार वर्षं म्हणजे मोठं भाग्य. फक्त डोळे उघडे ठेवा. मुलाला विचारा, उद्या गुडघा गेला आणि खेळ सुटला, तरी याच कॉलेजात शिकायला आवडेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर अर्जच करू नका.

उत्तर ‘हो’ असेल, तर कोचला बाजूला ठेवा आणि थेट कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला लिहा. घरचं उत्पन्न खरं सांगा आणि चार वर्षांचा अंदाज लेखी मागा. बांधील अर्ज केल्यावर मदत पुरेशी मिळाली नाही, तर सुटका मागता येते. पण तोपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबर उलटलेला असतो आणि दुसऱ्या कोचने आपला शब्द दुसऱ्याला दिलेला असतो. तो लेखी आकडा हातात येत नाही तोवर ‘अर्ली डिसिजन’च्या अर्जावर सही करू नका. आणि सल्लागाराला त्याच्या फीचा दुसरा हप्ताही देऊ नका.